गारव्याचा धंदा

दहाला अजून पंधरा मिनिटं असायची आणि आप्पा काचेच्या बंद दाराबाहेर येऊन उभे. हातात रिकामी कापडी पिशवी. तिच्यात काही भरायचं नसायचं, पण पिशवी न घेता घराबाहेर पडणं त्यांना जन्मात जमलं नाही. साल २०१७, महिना एप्रिलचा. बँकॉकमध्ये या दिवसांत सकाळी नऊलाच ऊन असं उतरतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा सेव्हन-इलेव्हनच्या दाराशी जाऊन आडवी होतात. गिऱ्हाईक आत-बाहेर करतं तेवढ्यापुरती गार झुळूक त्यांच्या अंगावरून जाते. त्यांना कोणी हाकलत नाही.

दहाच्या ठोक्याला दार उघडायचं. आत दोन्ही बाजूंना दुकानातल्या मुली ओळीने उभ्या, हात जोडलेले, माना किंचित लवलेल्या. इथल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये ही रीतच आहे, दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकांना 'वाय' करून आत घ्यायचं. वाय म्हणजे आपला नमस्कारच. गिऱ्हाइकं मोबाइलमध्ये डोकं घालून त्या ओळीतून निघून जातात. आप्पा मात्र थांबायचे. अत्तराच्या काउंटरपाशी एकीला नमस्कार, मग शेजारचीला, मग पलीकडचीला, असं करत घड्याळांपर्यंत पोचायला त्यांना सहा-सात मिनिटं लागायची. मी मागे अवघडून उभी. तिसऱ्या दिवसापासून मुली त्यांना बघून आधीच हसायला लागल्या.

"आप्पा, एवढं करायची गरज नसते हो."

"का? त्यांनी हात जोडलेत, आपण तसंच पुढं जायचं व्हय? अगं, मी पण दारावरच उभा राहिलेला माणूस."

ते खरंच होतं. आप्पा कोल्हापुरातल्या एका थेटरात डोअरकीपर होते. अठराव्या वर्षी लागले ते शेवटची दहा-बारा वर्षं बुकिंगच्या खिडकीत बसून निवृत्त झाले. आमच्या घरात वेळ घड्याळाने सांगायची पद्धत नव्हती. तीनचा खेळ, सहाचा खेळ, नऊचा खेळ. नऊचा खेळ सुटला की आप्पा घरी येणार आणि आई भात परत गरम करणार. लोकांना वाटायचं, या पोरांना सगळे सिनेमे फुकट. प्रत्यक्षात आप्पांनी आम्हाला एकदाही बिनतिकिटाचं आत सोडलं नाही.

मी बँकॉकला आले २०१३ साली, नवऱ्याच्या नोकरीमागे. पहिली तीन-चार वर्षं मॉल या गोष्टीचा मला मनापासून तिटकारा होता. एक संपला की दुसरा, स्कायट्रेनच्या स्टेशनातून थेट पूल काढलेला, जमिनीला पाय न लावता एकातून दुसऱ्यात. लोकांना काही उद्योग नाहीत का, असं वाटायचं. हे वाटणं मी बरेच दिवस मोठ्या अभिमानाने जपलं. फोनवर पुण्याच्या मैत्रिणींना सांगायलाही बरं पडायचं. मग आप्पा दोन महिन्यांसाठी आले आणि रोज मॉलमध्ये जायला लागले. त्यांनी त्या दोन महिन्यांत विकत काय घेतलं? एक नेलकटर.

त्यांचा दिवस ठरलेला. नमस्कार आटोपले की तळमजल्यावरून दोन फेऱ्या. मग सरकत्या जिन्याने वर, वरून सगळं बघत उभं राहायचं. मग बाक. बाकावर त्यांच्यासारखेच म्हातारे असायचे. शेजारच्या सोसायटीतले एक चिनी वळणाचे थाई आजोबा, कुणाची तरी म्यानमारची आया आणि तिच्यासमोर बाबागाडीत झोपलेलं मूल, गणवेशातली शाळकरी पोरं एकाच प्लास्टिकच्या ग्लासात चार स्ट्रॉ घालून बसलेली. कोणी काही विकत घेत नव्हतं. गार हवेला बसले होते. तिथेच एका दुपारी आप्पा म्हणाले, "थेटर म्हणजे तरी काय गं, गारव्याचा धंदा. सिनेमा नंतर. उन्हाळ्यात तीनच्या खेळाला लोक सिनेमा बघायला यायचे असं वाटतंय तुला? अर्धे झोपायला यायचे. आमचे एसी बंद पडले की पिक्चर किती का चालेना, लोक शिव्या घालत बाहेर. ह्यांनी काय केलंय, सिनेमा वरच्या माळ्यावर टाकलाय आणि गारवा खाली आणून फुकट वाटलाय."

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. आठवड्याभरात ते अक्षरशः खरं असल्याचा पुरावा मिळाला.

पोहे आणि तुरीची डाळ आणायला आम्ही फाहुरातला जातो. तिथे शिखांची आणि इतर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची कापडाची दुकानं, गुरुद्वारा, मसाल्यांचा वास. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर साला चालेर्मक्रुंग नावाचं जुनं थेटर आहे. बँकॉकला राजधानी होऊन दीडशे वर्षं झाली त्याची आठवण म्हणून सातव्या रामा राजाने ते बांधून घेतलं. १९३३ च्या जुलैत उघडलं, म्हणजे त्याच राजाच्या हातची अनियंत्रित सत्ता जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा. देशातलं पहिलं वातानुकूलित थेटर. गार केलेलं पाणी फिरवून आतली हवा थंड करायचे. आता तिथे खोन होतं, मुखवटे घालून केलेलं रामायणाचं नृत्यनाट्य. आम्ही गेलो त्या दिवशी आत काही चालू नव्हतं. आप्पांनी दर्शनी भिंत खालपासून वरपर्यंत बघितली. ही गार पाण्याची गोष्ट मी वाचून दाखवली तेव्हा "म्हटलं नव्हतं?" एवढंच बोलले.

म्हणजे या शहरात गारवा आधी सिनेमाने विकला. मॉल नंतर आले. सयाम स्क्वेअर हा सगळ्या मॉलांच्या मधोमध असलेला भाग घ्या. जमीन चुलालोंगकॉर्न विद्यापीठाची. साठच्या दशकात तिथे दुकानांच्या ओळी झाल्या आणि एकाच कंपनीची तीन थेटरं उभी राहिली. सयाम १९६६ ला, लिडो १९६८ ला, आणि १९६९ च्या अखेरच्या दिवशी स्काला. थेटरं होती म्हणून तरुण पोरं आली, पोरं आली म्हणून खाण्याच्या गाड्या, कपडे, क्लासेस आले. समोर सयाम सेंटर आलं १९७३ ला. कोपऱ्यावर माबूनक्रोंग १९८५ ला. हे नाव मालकाच्या आईवडिलांचं, माह आणि बूनक्रोंग. दोघांचे पुतळेही आत आहेत. आपल्याकडे शाळेला देतात तशी मॉलला आईबापांची नावं! डिसेंबर १९९९ मध्ये डोक्यावरून स्कायट्रेन धावू लागली आणि २००५ मध्ये सयाम पॅरागॉन आलं, तळघरात मत्स्यालय आणि वरच्या मजल्यावर सिनेमाचे भले मोठे पडदे घेऊन. सिनेमा वरच्या मजल्यावर का नेतात, तर खांबाशिवायचं मोठं सभागृह तिथे सोपं पडतं, आणि वर चढता-उतरता माणूस सगळ्या दुकानांपुढून जातो. तीन थेटरांच्या जिवावर गजबजलेल्या वस्तीत तीन थेटरं हळूहळू म्हातारी झाली.

आप्पांना मी स्कालाला नेलं ते एका बुधवारी. सिनेमा कुठला होता ते मला आठवत नाही, आप्पांनाही आठवत नाही. इंग्रजी होता आणि खाली थाई अक्षरं येत होती, म्हणजे त्यांच्या दृष्टीने दोन्हीकडून अंधार.

गल्लीतून बघितलं तर फार काही वाटत नाही. मोठी पाटी, तिच्यावर सुटी अक्षरं लावून सिनेमाचं नाव, खाली टीशर्टची दुकानं. आत वळलं की मात्र माणूस आपोआप हळू चालायला लागायचा. रुंद जिना वळत वर जाणारा. उंच छताला कमानींमधून फुललेली सोनेरी नक्षी आणि मधोमध थरावर थर असलेलं झुंबर. आप्पा पायरीवर थांबले, मान वर. मला वाटलं झुंबर बघताहेत. "ते पुसत कसे असतील?" त्यांनी विचारलं.

मग बुकिंगची खिडकी. खिडकीतल्या बाईंनी कागदाचा तक्ता पुढे सरकवला. त्याच्यावर खुर्च्यांचे चौकोन, विकलेल्या खुर्च्यांवर पेनाने काट मारलेली. आप्पांनी खिशातून चष्मा काढला. "प्लॅन!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाई दचकल्या. त्यांच्याही खिडकीत असाच प्लॅन असायचा, खेळागणिक एक कोरा कागद. काट मारायची ती तिरकी, उभी मारली तर शेजारच्या खुर्चीत जाते, गर्दीच्या वेळी भांडणं होतात. काचेपलीकडच्या बाई मराठी ऐकत होत्या आणि मान डोलावत होत्या. शेवटी आप्पांनी बोट ठेवलं, मधल्या रांगेतल्या टोकाच्या दोन खुर्च्यांवर. बाईंनी काट मारली. तिरकी.

दारावर पिवळा कोट आणि काळा बो घातलेले एक वयस्क गृहस्थ होते. स्कालाच्या डोअरकीपरांचा तो गणवेशच होता, त्यावरून सगळं शहर त्यांना ओळखायचं. आम्ही मुद्दामच जरा उशिरा आत शिरलो. मुद्दाम म्हणजे आप्पांच्या हट्टाने, त्यांना अंधार झाल्यावर जायचं होतं. त्या गृहस्थांनी तिकीट फाडलं, खिशातून बॅटरी काढली आणि चार पावलं पुढे चालू लागले. उजेड आमच्या पायांपुढे वीतभर, त्याच्या पलीकडे नाही. रांगेशी आल्यावर त्यांनी बॅटरी वर न उचलता नुसतं मनगट फिरवलं. उजेड खुर्चीच्या पायाशी गेला, तिथून सीटच्या कडेला, आणि विझला. आप्पा बसलेच नाहीत. मागच्या माणसाने घसा खाकरेपर्यंत ते पिवळा कोट दाराकडे जाताना बघत होते.

"बोटं बघितलीस?" ते कुजबुजले. "काचेवर बोटं धरलीवती. बॅटरी नेहमी पायाशी धरायची, तोंडावर नाही. आणि वरनं बोटं. उजेड लाल होतो, मग शेजारच्याचा पिक्चर मोडत नाही. हे कुणी शिकवत नाही बघ."

मग राजगीत लागलं. थायलंडमध्ये सिनेमाच्या आधी ते लागतंच, आणि सगळे उभे राहतात. नववे रामा राजे ऑक्टोबर २०१६ मध्ये गेले होते, शहर अजून काळ्या कपड्यांत होतं, आणि त्या काळोखात उभं राहिलेल्या माणसांचं आवाज न करणं मला आजही आठवतं. आप्पांचे गुडघे धड नव्हते तरी ते ताठ उभे. बसल्यावर म्हणाले, "आधीच उरकतात, शहाणे आहेत." त्यांच्या उमेदीच्या काळात आपल्याकडे राष्ट्रगीत सिनेमा संपल्यावर लागायचं आणि लोक सायकल स्टँडवर नंबर लावायला पळत सुटायचे. दाराला पाठ लावून त्यांना थोपवायचं काम आप्पांचं. महाराष्ट्रात ते सुरुवातीला आलं २००३ साली, तेव्हा आप्पा खिडकीत होते. तोपर्यंत थोपवायला माणसंही फारशी उरली नव्हती.

स्कालाच्या जुळ्या भावाची गोष्ट मी त्यांना मध्यंतरात सांगणार होते, पण मध्यंतर नसतोच इथे, हे ऐकून ते इतके व्यथित झाले ("मग कँटीनवाला खातो काय?") की गोष्ट बाहेर आल्यावर सांगितली. १९ मे २०१० ला लाल शर्टवाल्यांचं सरकारविरोधी आंदोलन सैन्याने मोडून काढलं त्या दिवशी शहरात बऱ्याच इमारती पेटल्या. सयाम थेटर जळालं. दोन-तीन चौक पलीकडचा सेंट्रलवर्ल्ड मॉलही जळाला. मॉल काही महिन्यांत पुन्हा उघडू लागला. थेटराच्या जागी २०१४ मध्ये जे उभं राहिलं ते सयाम स्क्वेअर वन, म्हणजे मॉल. आम्ही त्याच्यासमोरच उभे होतो. आप्पांनी वर बघितलं. मी कडवट काहीतरी बोलायच्या तयारीत होते, पण त्यांनी विचारलं, "आत बसायला बाक आहेत का?"

हे मला त्या वेळी लागलं होतं. वाटलं, यांना काहीच कसं वाटत नाही. नंतर लक्षात आलं की आयुष्यभर थेटरात काढलेल्या माणसाला थेटराची माया असते, भक्ती नसते. पिट क्लासमध्ये ढेकूण होते हे त्यांना माहीत होतं. बायकांना एकटीने नऊच्या खेळाला येता येत नव्हतं हेही. बँकॉकच्या मॉलमध्ये रात्री अकराला खेळ सुटतो, बंद दुकानांपुढून, थांबलेल्या सरकत्या जिन्यांवरून कॉलेजच्या मुली आरामात उतरतात, हे त्यांना फार आवडलं होतं.

देवांचंही त्यांनी तसंच केलं. राच्चप्रसोंगच्या चौकात मॉलांच्या गराड्यात देव आहेत, आणि ते आपले देव आहेत. एरावानचा चतुर्मुख ब्रह्मा १९५६ पासून आहे. हॉटेलच्या बांधकामात एकामागून एक विघ्नं यायला लागली म्हणून बसवलेला. सेंट्रलवर्ल्डसमोर त्रिमूर्ती, तिथे गुरुवारी रात्री तरुण मुलंमुली लाल गुलाब घेऊन प्रेमाचं मागणं मागतात. शेजारी गणपती. आप्पांनी हात जोडले, प्रदक्षिणेला जागा नव्हती म्हणून जागच्या जागी फिरले. पण त्यांना खरा भावला तो एका इमारतीच्या कोपऱ्यातला खांबावरचा छोटा देव्हारा. थाई लोक ज्याची जमीन आहे त्या अदृश्य मालकासाठी तो बांधतात. पुढे लाल सरबताची बाटली ठेवलेली, झाकण उघडून, आत स्ट्रॉ. "आपल्या कोकणातला राखणदार," आप्पा म्हणाले, "पण त्याला कुणी नळी नाही दिली."

टर्मिनल ट्वेंटी-वन नावाचा मॉल तर त्यांनी पाठच केला होता. तिथे प्रत्येक मजला एकेका शहराच्या सोंगात सजवलेला आहे, रोम, पॅरिस, टोकियो, लंडन, इस्तंबूल, वर सॅन फ्रान्सिस्कोचा लाल पूल आणि त्याच्याशेजारी स्वस्तातलं जेवण. पासपोर्टवर एकच शिक्का असलेला माझा बाप फोनवर आईला सांगायचा, "आत्ता लंडनमध्ये आहे, जेवायला सॅन फ्रान्सिस्कोला जातो." आई म्हणायची, "तिथं तरी वेळेवर जेवा."

ते परत गेले, आणि मागे एकेक बंद होत गेलं. लिडो मे २०१८ च्या शेवटी. ते पुढच्या वर्षी नव्या नावाने, नव्या लोकांनी पुन्हा उघडलं, एवढं बरं. स्काला महामारीत गेलं. मार्च २०२० पासून सगळी थेटरं बंद होती, जूनमध्ये उघडली, आणि ५ जुलैला स्कालाचा शेवटचा खेळ लागला. छोट्या गावातल्या थेटरावरचा एक जुना इटालियन सिनेमा. मला तिकीट मिळालं नाही. मास्क लावून जिन्याशी उभी राहिले, लोक झुंबराचे फोटो काढत होते, मीही काढले आणि कोल्हापूरला पाठवले. पाच मिनिटांनी आप्पांचा फोन. "ते झुंबर मरू दे. पिवळ्या कोटवाल्याचा फोटो काढ." मी शोधलं. पिवळे कोट दोन-तीन दिसले, पण प्रत्येकाभोवती फोटो काढणाऱ्यांचं कोंडाळं होतं. आमचा म्हातारा त्यात होता की नाही, कळलं नाही.

पुढे विद्यापीठाने ती जागा सेंट्रल पट्टना या मॉल कंपनीला भाडेपट्ट्याने दिली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये स्काला पाडलं. अर्धी पडलेली कमान मी ऑफिसला जाताना बघितली. फोटो काढला, आप्पांना पाठवला नाही. त्यांना कुठून तरी कळलंच. "ती माणसं कुठं गेली गं?" एवढं विचारलं त्यांनी. मला माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी एका मॉलमध्ये, सातव्या मजल्यावर, एकटीच सिनेमाला गेले होते. खुर्ची मोबाइलवर निवडलेली, दारातल्या मुलाने चौकोनी ठिपक्यांवर यंत्र टेकवलं आणि आत सोडलं. जाहिराती अर्धा तास. राजगीताला मी उभी राहिले, शेजारची पोरं बसून होती. राजसत्तेत सुधारणा मागणाऱ्या तरुणांच्या २०२० च्या आंदोलनापासून बरेच जण बसूनच असतात, आणि कोणी काही बोलत नाही. सिनेमा सुरू झाल्यावर एक म्हातारं जोडपं आलं. खाली पायऱ्यांच्या कडेला बारीक दिवे होते, पण आजींचा पाय अडखळला, आजोबा मध्येच थांबले आणि तिकिटाचा मोबाइल डोळ्यांशी धरून रांगेचं अक्षर शोधू लागले. मागून कोणीतरी च्च केलं.

मी उठले. मोबाइलचा दिवा लावला, त्याच्यावर दोन बोटं धरली. बोटांच्या कडा लाल झाल्या. उजेड आजींच्या पायापुढे, मग पुढच्या पायरीवर, मग रांगेच्या तोंडाशी. त्यांच्या खुर्च्या मधेच होत्या. दोघं बसेपर्यंत मी उजेड खाली धरून थांबले. बसल्यावर आजोबांनी माझ्याकडे वळून हात जोडले, आजींनीही. माझे हात मोकळे नव्हते, एकात मोबाइल आणि दुसऱ्याची बोटं दिव्यावर. दिवा विझवून दोन्ही हात जोडले, तोवर पडद्यावर रात्र झाली होती, आणि त्यांना ते दिसलं असेल असं वाटत नाही.